अहवाल कोणाच्या लेखणीचा? हेमलकशात बसून ग्रेट निकोबारकडे पाहताना



हेमलकशापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. भामरागड तालुक्यातल्या बहुतेक माणसांनी तो कधी पाहिलेला नाही. तरीही आम्ही काही कार्यकर्ते तीन दिवस हेमलकशात थांबलो आणि तिथल्या शिकलेल्या माडिया मुलामुलींसोबत एका बेटावरच्या बंदराच्या पर्यावरण अहवालाचा सारांश वाचला. बेटाचे नाव ग्रेट निकोबार. ‘गडचिरोलीत खाणींचा प्रश्न पेटलेला असताना हे समुद्राचे काय काढले?’ असे आमच्याच काही साथींनी विचारले. त्यांना तोंडी जे सांगितले तेच इथे सविस्तर मांडत आहोत. मुद्दा एकच आहे. सूरजागडचा डोंगर असो की निकोबारचा किनारा, तो राहणार की जाणार हे आधी कागदावर ठरते. तो कागद लिहिणे हा आता एक व्यवसाय आहे. ती लेखणी आपल्या हातात अजून आलेली नाही आणि ती येईपर्यंत आपली लढाई अर्धीच राहणार आहे.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ चा. त्याखाली १९९४ साली पहिली अधिसूचना निघाली आणि १४ सप्टेंबर २००६ ला तिच्या जागी दुसरी आली. मोठा प्रकल्प उभारायचा तर या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे ईआयए, करून घ्यावे लागते. हे काम पर्यावरण सल्लागार कंपनी करते. सल्लागाराला मान्यता नॅबेट ही संस्था देते. पण त्याची निवड कोण करतो? ज्याला बंदर बांधायचे आहे, खाण खोदायची आहे, तोच. फी कोण देतो? तोच. पुढचे काम मिळण्याची आशा कोणाकडून? त्याच्यासारख्याच दुसऱ्या एखाद्याकडून. परीक्षा देणाऱ्यानेच परीक्षक नेमला आणि त्याचे मानधनही त्यानेच दिले, तर निकाल काय लागेल हे सांगायला पीएचडी लागत नाही. आम्ही कोणा एका कंपनीला चोर म्हणत नाही. या व्यवसायात प्रामाणिक माणसे आहेत, चांगले शास्त्रज्ञ आहेत. पण रचनाच अशी आहे की ‘हा प्रकल्प इथे होऊ नये’ हे एक वाक्य लिहिणे प्रामाणिक माणसालाही परवडत नाही.

आता ग्रेट निकोबार. अंदमान-निकोबारच्या दक्षिण टोकाचे हे बेट सुमारे ९१० चौरस किलोमीटरचे. तिथे गॅलेथिया उपसागरात मालवाहू जहाजांचे प्रचंड बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर उभारायचे आहे. प्रकल्पाला १६६ चौरस किलोमीटर जमीन लागते, त्यातले १३० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आहे. सुरुवातीचा खर्चाचा अंदाज ७२ हजार कोटी रुपयांचा होता. गॅलेथियाच्या वाळूवर लेदरबॅक नावाची अजस्र समुद्री कासवे अंडी घालायला येतात. ते अभयारण्य होते, जानेवारी २०२१ मध्ये त्याचा दर्जा काढण्यात आला. जनसुनावणी २७ जानेवारी २०२२ ला कॅम्पबेल बे इथे झाली, जंगलाची पहिल्या टप्प्याची मंजुरी ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाली.

या बेटावर शोंपेन आणि निकोबारी हे दोन आदिवासी समाज राहतात. शोंपेन हे केंद्र सरकारच्या ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ या यादीत आहेत. देशभरात असे ७५ गट आहेत. महाराष्ट्रातले तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे हेमलकशाचा माडिया आणि निकोबारचा शोंपेन सरकारच्या एकाच यादीत आहेत. हे सांगितल्यावर मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, “दादा, मग हा अहवाल आमच्या नातेवाइकांचाच झाला.” त्यानंतर ‘समुद्राचे काय काढले’ हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही.

बेटावरच्या किंवा किनाऱ्यावरच्या प्रकल्पात सल्लागार काय काय करतात, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे, कारण यातले काही जादूटोण्याचे नाही. समुद्रतळाची खोली मोजतात. भरती-ओहोटीची नोंद ठेवतात. गाळ उपसला तर तो पाण्यात किती दूर पसरेल आणि प्रवाळांवर किती बसेल, याचे गणित मांडतात. कासवांची घरटी मोजतात, मासे, शेवाळ, पाण्यातला प्राणवायू तपासतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे, भरतीची कमाल रेषा नकाशावर आखतात. त्या रेषेवरून कोणती जमीन कोणत्या वर्गात जाते आणि तिथे काय बांधता येते हे ठरते. प्रवाळ आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात येतात, तिथे बंदर बांधता येत नाही. ग्रेट निकोबारमध्ये बेटांच्या किनारा प्राधिकरणाने आधी सांगितले की प्रकल्पाचा सुमारे सात चौरस किलोमीटर भाग या वर्गात येतो. नंतर दुसऱ्या सरकारी संस्थेच्या पाहणीतून निष्कर्ष आला की कोणताच भाग येत नाही. समुद्र तोच, कासवे तीच, आणि तरी वर्ग बदलला. रेषेची ताकद आपल्याला कोणी शिकवायला नको. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवणारी रेषा आपल्या आज्या-पणज्यांनी भोगली आहे.

वाचताना पहिला खरा प्रश्न ऋतूचा निघाला. अहवालासाठी मूळ स्थितीची जी मोजणी करतात, तिला बेसलाइन म्हणतात. ती पुष्कळदा एकाच ऋतूत, पावसाळा सोडून, तीनेक महिन्यांत उरकली जाते. ग्रेट निकोबारच्या बाबतीत एका ऋतूची आकडेवारी पुरेशी आहे का, हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढेही आला. लवादाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरीत हस्तक्षेप केला नाही, पण काही मुद्द्यांच्या फेरतपासणीसाठी समिती नेमली. हेमलकशाच्या पोरांना ही कायद्याची भाषा उलगडून सांगावी लागली नाही. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा वाहते. पुढे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. एक जण म्हणाला, “मार्चमध्ये आलात तर पर्लकोटा चालत ओलांडाल. जुलैमध्ये हीच नदी पुलावरून जाते आणि भामरागड जगापासून तुटते. मार्चची नदी मोजून जुलैचा अहवाल लिहिणार काय?” लवादापुढचा युक्तिवाद याहून नेमका कोणत्या वकिलाने केला असेल?

दुसरा प्रश्न भरपाईचा. अहवालातल्या आकड्याप्रमाणे बंदराच्या परिसरात २०,६६८ प्रवाळ वसाहती आहेत, त्यातल्या १६,१५० उचलून दुसरीकडे लावायच्या आहेत. आणि विषुववृत्ताजवळच्या बेटावर जे पावसाळी जंगल तुटणार, त्याच्या बदल्यात झाडे लावायची ठरली ती हरियाणात! यावर पोरे हसली. मग गप्प झाली. मोहाचे झाड तोडून त्याच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात निलगिरी लावली तर मोहफुले कुठून वेचायची, हे त्यांना ठाऊक आहे. हिशोबाच्या वहीत झाडाला झाड फिटते. त्या झाडाखाली जगणाऱ्याचा हिशोब त्या वहीत नसतोच.

तिसरा प्रश्न जनसुनावणीचा, आणि इथे निकोबार सोडून आम्हाला थेट घरी यावे लागले. अधिसूचना म्हणते की जनसुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड लोहखाणीचे उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. ती झाली गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. ज्या डोंगरावर परिसरातली सत्तर गावे दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला जमतात, त्या डोंगराबद्दल बोलायला त्या गावांनी रोजगार बुडवून, गाडीभाडे भरून जिल्ह्याच्या गावी यायचे! त्याच महिन्यात तिकडे निकोबारच्या जंगलाची मंजुरी सुटली. आणखी एक गोष्ट. अधिसूचनेत जनसुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. समोर दहा माणसे असोत की दहा हजार, कागदावर सुनावणी पूर्ण. पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो, सारांश तेवढा मराठीत मिळतो, आणि माडियात तर काहीच नसते.

निकोबारी लोकांचे काय झाले? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्यांची किनाऱ्यावरची गावे गेली. बेटाचे दक्षिण टोक सव्वाचार मीटरच्या आसपास खचले. तेव्हापासून ते सरकारी वसाहतीत राहतात आणि जुन्या गावी परतायला मागतात. त्यांच्या आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकल्पाला ना हरकत पत्र दिले. आपल्या पूर्वजांच्या गावांची जमीनही त्यात जाते आहे हे लक्षात आल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ते मागे घेतले. सही करताना समोरच्या कागदात नेमके काय आहे हे कळत नसेल तर त्या सहीला संमती म्हणायचे का? सावकाराच्या वहीवर अंगठा देणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा प्रश्न नवा नाही.

इथे आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अशा अहवालात आपण लोक कुठे असतो? ‘सामाजिक-आर्थिक स्थिती’ नावाचे एक प्रकरण असते. त्यात जनगणनेतून उचललेली कोष्टके असतात: अनुसूचित जाती इतके टक्के, अनुसूचित जमाती इतके टक्के, साक्षर इतके. प्रकल्पापासून दहा किलोमीटरच्या वर्तुळाला बफर झोन म्हणतात, आणि आपण त्या बफरमधले आकडे असतो. लिहिणारा एक, लिहिला जाणारा दुसरा, आणि लिहिला जाणाऱ्याला वाचण्याचीही मुभा नाही, ही वाटणी या देशाला दोन हजार वर्षे परिचित आहे. पूर्वी तिला शास्त्राचा आधार होता, आता ती विज्ञानाचे नाव सांगते. विज्ञानाशी आपले भांडण नाही. विज्ञान आपलेच आहे, कारण ते पुरावा मागते आणि पुरावा मागणे बुद्धाने शिकवले. भांडण आहे ते पुरावा गोळा करण्याच्या मक्तेदारीशी.

आता आपल्या चळवळीतला जुना आक्षेप. पर्यावरण हा पोटभरल्या सवर्णांचा छंद आहे, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही या आक्षेपाची टिंगल करणार नाही, त्याला रक्ताचा इतिहास आहे. १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि नमशूद्र समाजाच्या बळावर. फाळणीत तो मुलुख पाकिस्तानात गेला. निर्वासित झालेल्या या दलितांना पुढे सरकारने कुठे कुठे पाठवले? काहींना अंदमानच्या बेटांवर, काहींना दंडकारण्यात. आपल्या गडचिरोलीतल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली गावे आहेत, ती याच इतिहासाची. दंडकारण्यातल्या छावण्यांतून हजारो कुटुंबे १९७८ मध्ये सुंदरबनातल्या मरिचझापी या बेटावर गेली. त्यांनी स्वतःच्या हाताने शाळा बांधली, विहिरी खोदल्या, मासेमारी सुरू केली. सरकार म्हणाले, हे राखीव जंगल आहे. जानेवारी १९७९ मध्ये नाकेबंदी झाली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात उरलेल्यांना हुसकावून बेट रिकामे केले. किती माणसे मेली याचा सरकारी आणि लोकांचा आकडा आजही जुळत नाही.

आता ही दोन बेटे शेजारी ठेवा. १९७९ मध्ये भूमिहीन दलितांना झोपडी टाकायची होती, तेव्हा बेटावरचे जंगल इतके पवित्र होते की त्यासाठी माणसे मारता आली. २०२२ मध्ये बंदर टाकायचे आहे, तर १३० चौरस किलोमीटर जंगलाला हरियाणात पर्याय सापडला. म्हणून आमचे म्हणणे असे की पर्यावरणाचा विषय सवर्णांवर सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. आपण बाहेर राहिलो की तो विषय आपल्याविरुद्धच वापरला जातो, कधी जंगल वाचवण्याच्या नावाने तर कधी तोडण्याच्या.

याचा अर्थ आम्ही विकासाच्या विरोधात आहोत असा कोणी काढू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज, पाटबंधारे, दामोदर खोऱ्याची योजना या सगळ्यांत त्यांनी हात घालून काम केले. गावगाड्याची भलामण त्यांनी कधी केली नाही. भामरागडच्या बाळंतीण बाईला पुरात नदी ओलांडता आली पाहिजे, तिथे पूल, दवाखाना, वीज, कॉलेज हवेच. ‘आदिवासींनी आहे तसेच निरागस राहावे’ असे शहरात बसून म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. आमचा प्रश्न साधा आहे: कोणाचा विकास, कोणाच्या जमिनीवर, आणि तो ठरवताना तिथल्या माणसाचे मत मोजले की नाही? याच इंद्रावती-गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इचमपल्ली ही धरणे येणार होती. १९८० च्या दशकात आदिवासींनी लालश्याम शाह आणि बाबा आमटे यांच्यासोबत ‘जंगल बचाव, मानव बचाव’ म्हणत ती रोखली. तेव्हा ईआयएची अधिसूचना नव्हती. लोकांनी आपल्या तोंडाने सांगितले आणि सरकारला ऐकावे लागले.

हेमलकशातल्या शेवटच्या रात्री आमच्यातच वाद झाला. चंद्रपूरचा एक तरुण आमच्यासोबत होता. बौद्ध घरातला, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., दोन वर्षे बेकार. त्याला एका सल्लागार कंपनीकडून काम आले होते: किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पासाठी पाण्याचे नमुने गोळा करायचे, कंत्राटी, महिन्याच्या पगारावर. घ्यावे का, त्याने विचारले. एक साथी म्हणाला, “घेऊ नकोस. उद्या त्या अहवालाखाली आपल्याच माणसांची घरे जातील आणि नमुन्याच्या बाटलीवर तुझी सही असेल.” दुसरी साथी भडकली. “त्याच्या घरी चूल कोण पेटवणार? सगळ्या पोरांना नुसते मोर्चात उभे करून कसे चालेल?” वाद बराच वेळ चालला. शेवटी आम्ही त्याला सांगितले ते असे: काम घे. मापन शीक, गणित शीक, नकाशे वाचायला शीक. मात्र जे मोजशील ते खरे मोज आणि खोटा आकडा लिहायला सांगितला तर त्या दिवशी बाहेर पड. खोटी माहिती दिली तर मंजुरी रद्द होऊ शकते असे अधिसूचनाच म्हणते, हे पाठ ठेव. आणि पाच वर्षांनी हेच काम एखाद्या ग्रामसभेसाठी करायला परत ये. तो गेला आहे. त्याचा पगार थोडा आहे आणि काळजी मोठी. त्याच्यासारखी पन्नास पोरे आपल्याला हवी आहेत.

काही जण म्हणतात, जनसुनावण्या नाटकी असतात, बहिष्कार टाका. बहिष्काराचा हक्क आहेच, आणि जिथे लोकांना दारातच अडवतात तिथे तो वापरावाही. पण बाबासाहेबांचा रस्ता आठवा. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे दिली. १९२८ मध्ये देशातले मोठमोठे पुढारी सायमन कमिशनवर बहिष्कार टाकत होते, तेव्हा ते लेखी निवेदन घेऊन कमिशनपुढे गेले. आपल्या माणसांचे म्हणणे आकड्यांसह नोंदवले गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. नोंद झालेला शब्द पुढे कोर्टात उभा राहतो. न नोंदवलेला आक्रोश वाऱ्यावर जातो.

तेव्हा कामाला लागा. जनसुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी निघते. त्या दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मसुदा अहवाल मागा, तो दाखवणे बंधनकारक आहे. मोजणी कोणत्या महिन्यांत केली ते पाहा. बाधित गावांच्या यादीत कोणती नावे गाळली ते पाहा. पुराची खूण कुठवर येते, मासा कोणत्या डोहात विणतो, मोह-तेंदूचे उत्पन्न किती, हे ग्रामसभेच्या वहीत वर्षभर लिहा आणि लेखी हरकतीला जोडा. सुनावणी संपल्यावर इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवलेच पाहिजे, त्याआधी उठू नका. पेसा कायदा १९९६ चा आहे, वनहक्क कायदा २००६ चा. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. माडियांसारख्या गटांना त्यांच्या संपूर्ण अधिवासावर हक्क मागण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे कागद आपल्या बाजूचे आहेत. ते वाचणारे कमी आहेत.

आणि किनारा दूर आहे म्हणून निकोबारकडे पाठ फिरवू नका. त्या बेटावर १९६९ पासून माजी सैनिकांची जी कुटुंबे वसवली, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. शोंपेन माणूस जनसुनावणीत येऊन माइक हातात घेणार नाही. त्याचा जिल्हा दंडाधिकाऱ्यांशी संबंध नाही, मराठी-हिंदी-इंग्रजीशी नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपण घेऊ नये. पण त्याच्याबद्दल लिहिलेला कागद तपासण्याचे काम, त्याच यादीत नाव असलेल्या माडिया मुलीने आणि तिच्या शेजारी बसलेल्या आंबेडकरी पोराने केले, तर त्यात बाबासाहेबांना काही वावगे वाटले असते असे आम्हाला वाटत नाही.

‘शिका’ या शब्दात ईआयए वाचणेही येते. पुढचे वाचन एटापल्लीला ठेवले आहे. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी वाचायला यावे, ज्यांना माडिया येते त्यांनी समजावून सांगायला.

जय भीम. जय सेवा.